पेढे आधी वाटले

पेढ्यांचा पुडा घेऊन सासूबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी पाचवीच्या वह्या तपासत बसले होते. आमच्या सोनईत पेढे वाटायला फारसं कारण लागत नाही. बोअरला पाणी लागलं, पेढे. पोरगा पोलीस भरतीत धावायला निवडला गेला, पेढे. पुढे तो दमून अर्ध्यावर बसला तरी दिलेले पेढे कुणी परत मागत नाही. म्हणून मी मान वर न करताच विचारलं, "आता काय झालं, आत्या?"

"रेश्मा आपल्या जयाला पोर देनार हाय," आत्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

रेश्मा म्हणजे माझी धाकटी जाऊ, दीर ज्ञानेश्वरची बायको. जया आमची एकुलती एक नणंद, नगरला दिलेली. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आमच्या तोंडात नगरच बसलंय. पाच वर्षांपूर्वी जयाचं बाळंतपण बिघडलं. बाळ गेलं, आणि तिचा जीव वाचवायला गर्भाशय काढावं लागलं. तेव्हापासून आमच्या घरात तिच्यासमोर बारशाचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे बातमी ऐकून मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही. पेढा गिळेपर्यंत झालाच. गिळल्यावर मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टरकडं अजून कुठं गेलोय?"

"मग हे पेढे?"

"शबूद दिलाय की तिनं!" आत्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच अडाणी. "आता चौकातल्या घरांना देऊन येते, पुडे मोप हायेत."

मी वह्या मिटून ठेवल्या. रेश्माला जमेल की नाही, तिच्या तब्येतीला झेपेल की नाही, कायद्यात बसतं की नाही, यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. पेढे मात्र बसस्टँडपासून वेशीपर्यंत पोचले होते.

रेश्माचं आधी सांगायला हवं, म्हणजे माझा संताप कळेल. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिची पिठाची गिरणी आहे. एका बाजूला मिरची कांडायचं यंत्र, उन्हाळ्यात शेवयांचं. ज्ञानेश्वर टेम्पो चालवतो, कांदा-भाजी नगरला, कधी पुण्याला नेतो, त्यामुळे गिरणी सगळी हिच्या अंगावर. चौतिसाव्या वर्षी तिच्या पापण्या पिठानं पांढऱ्या झालेल्या असतात. बाईच्या दंडात ताकद बघाल तर गव्हाचा भरलेला डबा एका हातानं उचलून जात्यावरच्या चाडीत ओतते. काम चोख, हिशेब चोख, बोलणं गोड. दोष एकच. माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत ही "व्हय" म्हणून मोकळी होते.

लग्नाच्या वेळचीच गोष्ट घ्या. आम्ही तिला बघायला जामखेडला गेलो होतो. बैठकीत तिचे काका म्हणाले, "रेश्मा, तुला आता..." आणि ही आतून म्हणाली, "व्हय." काकांना विचारायचं होतं की तुला आता अजून थोडा चहा टाकता येईल का. पण आत्यांनी तेवढ्यात पोरगी तयार आहे म्हणून साखरच वाटली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढं संसार नीट झाला, म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेतो. पण तेव्हापासून तीच तऱ्हा. बचत गटाची सचिव कोण होणार? "व्हय." शाळेच्या स्नेहसंमेलनाला शंभर पोरांच्या पुऱ्या कोण लाटणार? "व्हय." स्वतःच्या घरी पाहुणे असताना हिनं शेजारणीला गॅसची टाकी दिली आणि पाहुण्यांचं जेवण चुलीवर केलं. मी बोलले की म्हणते, "जाऊ द्या ना ताई, त्यांनी इचारलं मग काय करनार." विचारलं की नाही म्हणता येतं, ही गोष्ट तिला कुणी शिकवलीच नव्हती. मीही गल्लीतल्या अर्ध्या पोरांना शुद्धलेखन शिकवलं, पण तिला हे शिकवायला मला जमलं नाही.

तर भाऊबीजेला जया आणि तिचा नवरा अंगद आले होते. मी माहेरी गेले होते, हे सगळं मला मागाहून कळलं. ओवाळणी झाली, जेवणं चालली होती. जया सांगत होती की तिकडच्या डॉक्टरांनी एक वाट दाखवली आहे. दुसऱ्या बाईच्या पोटात मूल वाढवायचं, बीज मात्र दोघा नवराबायकोचंच. "पण आता पैसे देऊन कुणाला घेता येत नाही," जया म्हणाली. "आपल्या मनानं तयार असलेली बाई लागते. लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, पस्तिशीच्या आतली. आणि एका बाईला आयुष्यात एकदाच करता येतं. असं कोण मिळणार आहे?"

तिनं कुणाला विचारलं नव्हतं. ती ताटातल्या करंजीकडे बघून बोलत होती. चुलीपाशी रेश्मा पुऱ्या तळत होती. झारा हातात, पाठ सगळ्यांकडे. ती म्हणाली, "मी हाय की."

जयाचा घास हातातच राहिला. अंगद उठून उभाच राहिला. जावई माणूस, सासरी ज्याचे पाय आम्ही धुतो, तो रेश्मापुढं वाकला. आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. पुरी करपली. आणि दुसऱ्या दिवशी पेढे.

त्याच दिवशी मी तडक गिरणीत गेले. पट्टा चालू होता, म्हणजे जे काय बोलायचं ते ओरडून. अशी नाजूक गोष्ट ओरडून बोलावी लागणं ही माझ्या आयुष्यातली एक फजितीच म्हणायची. डबे घेऊन बसलेल्या दोन बायका कान टवकारून होत्याच.

"तुझं सिझर झालंय!" मी ओरडले.

"व्हय!"

"भागूच्या वेळी बीपी किती वाढलं होतं! नगरला न्यावं लागलं होतं!"

"व्हय!"

"आधी किती दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतील! एका खेपेत राहीलच असंही नाही!"

"घेऊ की!"

"आणि हे डबे कोण उचलणार? गिरणी कोण चालवणार?"

"बघू!"

"भागूला काय सांगणार?"

भागू म्हणजे तिची आठ वर्षांची लेक, पणजीच्या नावावरून भागीरथी. हुशार आणि चोंबडी. आईच्या पोटातलं बाळ जयाआत्याच्या घरी गेलं तर ती पहिल्यांदा विचारणार, मला कुणाला देणार होतीस. रेश्माचा हात चाडीवर थोडा थबकला. मग पुन्हा, "बघू!"

मी पीठ झटकत घरी आले. डोकं तडकलं होतं. ज्या बाईला सगळं सोसायचं होतं तिच्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि ज्यांना काही सोसायचं नव्हतं त्यांच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती.

आत्यांनी डिंकाचे लाडू वळायला घेतले. "कशासाठी?" मी विचारलं. "ताकद नको व्हय?" ज्ञानेश्वर चहाच्या टपरीवर कॉलर ताठ करून सांगू लागला की त्यानं परवानगी दिलीय. परवानगी! जशी टेम्पोची चावीच दिली होती. जयाचा रोज फोन. पपई खाऊ नको, स्कूटीवर बसू नको, राग करू नको. वर तिनं गर्भसंस्काराची गाणी मोबाईलवर पाठवली. ज्या गर्भाचा अजून पत्ता नाही त्याच्यावर संस्कार. मी हसले असते, पण त्याच फोनवर ती मला म्हणाली, "वहिनी, पाळण्यासाठी छताला कडी बसवून घेतली. गवंडी घरी आलाच होता, म्हटलं करून टाकू." यावर मी काय हसणार? मला एकदम भडभडून आलं. आणि भडभडून आल्याचाही रागच आला.

मग गावात चर्चा सुरू झाली, पोर नक्की कुणाचं. ज्ञानेश्वरचं की अंगदचं? आत्यांचा पारा चढला. त्यांनी गावाला समजावून सांगायचं मनावर घेतलं. डेअरीवर दूध घालायला रांग असते तिथं उभं राहून त्या म्हणाल्या, "अगं, दूध बी त्यांचं, इरजन बी त्यांचं. आपलं निस्तं पातेलं!"

सगळ्यांना एका दमात कळलं. मी विज्ञान शिकवते, मला यापेक्षा सोपं सांगता आलं नसतं. बायका हसल्या. रांगेत मागं रेश्मा किटली घेऊन उभी होती. ती पण हसली. मला वाटलं किटली घ्यावी आणि सगळ्यांच्या डोक्यावर ओतावी. पुढं आठवडाभर आत्या हेच वाक्य जिथं तिथं ऐकवत होत्या, आणि लोक रेश्माला "कसं हाय पातेलं?" असं गमतीनं विचारत होते. ती "बरं हाय" म्हणायची.

नगरच्या दवाखान्यात समुपदेशन होतं. म्हणजे पुढचं काही करायच्या आधी त्या बाईशी एक जाणकार मॅडम बोलणार होत्या. बाईशी. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ असा घेतला गेला की क्रूझर गाडी ठरवायची. आत्या, ज्ञानेश्वर, रेश्मा, शाळा बुडवून भागू, रजा टाकून मी, आणि भावकीतले मच्छिंद्रभाऊ. मच्छिंद्रभाऊ कशाला? तर त्यांना कोर्टाची माहिती. त्यांचा बांधाचा दावा इतकी वर्षं चाललाय की कोर्टातला शिपाई त्यांच्या घरच्या लग्नाला येतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू, पाण्याची कॅन. जया आणि अंगद तिथं भेटले. एका छोट्या खोलीत आम्ही सगळे घुसलो. खुर्च्या पुरेनात तेव्हा मच्छिंद्रभाऊ खिडकीच्या कट्ट्यावर बसले.

मॅडम तरुण होत्या, शांत होत्या. मला तेव्हाच त्यांची कीव आली.

"रेश्माताई, हा निर्णय तुम्ही कसा घेतला?"

"भाऊबीजेला," आत्या म्हणाल्या.

"मी रेश्माताईंना विचारलं. घरात कुणाचा दबाव वगैरे?"

"अजाबात न्हाई," ज्ञानेश्वर म्हणाला. "घरात सगळ्यांची संमती हाय."

"बाळ झाल्यावर ते जयाताईंकडे जाईल. त्याची मनाची तयारी?"

"त्यासाठी कोर्टाचा हुकूम आधीच घ्यायचा असतोय म्याडम," मच्छिंद्रभाऊ कट्ट्यावरून म्हणाले. "माझ्या वळखीचे वकील हायेत."

"आधीचं बाळंतपण कसं झालं होतं?"

"येकदम सुखरूप," आत्या म्हणाल्या.

इथं माझा तोल गेला. "सुखरूप कसलं, आत्या? बीपी वाढून झटका यायची वेळ आली होती! रात्रभर आपण सगळे बाहेर बाकावर बसलो होतो. तुम्ही नवस बोलला होतात!"

जयानं माझ्याकडे बघितलं. तिलाही ते माहीत होतं, तीही त्याच बाकावर होती. "त्याला आठ वर्षं झाली, वहिनी," ती हळूच म्हणाली. त्या आवाजातली आस मला ऐकवेना, आणि त्या वाक्याचा रागही आवरेना. मी भिंतीकडे तोंड केलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "रेश्माताई सोडून सगळे बाहेर," त्या म्हणाल्या. आम्ही बाहेर आलो. आत्यांनी दशम्या सोडल्या. दार बराच वेळ बंद राहिलं. मच्छिंद्रभाऊ दोन दशम्या खाऊन म्हणाले की तुम्ही काही म्हणा, म्याडमना कायदा कमी कळतो.

रेश्मा बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. "म्याडम म्हनल्या, मोठ्या डाक्टरनी बीपीचं बघितल्याबिगर काही व्हायचं न्हाई. तवर घरी जाऊन इचार करा. पोटात ठेवायच्या आधी कवाबी न्हाई म्हनता येतं."

"न्हाई कशाला म्हनायचं?" आत्या म्हणाल्या. "पेढे वाटलेत."

कायद्यानं रेश्माला माघार घ्यायचा हक्क दिला होता. पण सोनईत पेढ्यांचा कायदा त्याच्या वर चालतो, हे त्या मॅडमना कुठून माहीत असणार? परतीच्या वाटेवर रेश्मानं काय विचार करायचा याच्यावर क्रूझरमध्ये सगळ्यांनी आपापलं मत सांगितलं. आत ती काय बोलली, हे कुणी विचारलं नाही. रेश्मा खिडकीशी बसून उसाच्या फडांकडे बघत होती.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी पुन्हा गिरणीत गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ती कुणाची तरी राहिलेली ज्वारी दळत होती. मी ठरवूनच गेले होते. पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "तू फक्त मान हलव. बाकी मी बघते. आत्यांना, ज्ञानेश्वरला, जयाला, सगळ्यांना मी सांगते. तू नाही म्हण. म्हण नाही!"

रेश्मानं बटण बंद केलं. दळण अर्धवट असताना गिरणी बंद करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पट्टा फडफड करत थांबला आणि एकदम इतकी शांतता झाली की मला माझाच आवाज कानात घुमल्यासारखा वाटला.

"आत्या म्हनतात व्हय म्हन," ती म्हणाली. "तुमी म्हनता न्हाई म्हन. त्या म्याडमनी पयल्यांदा इचारलं, तुला काय वाटतं. मला सांगताच येईना ताई. निस्ती रडले तितं."

मी गव्हाच्या पोत्यावर बसले.

"मग सांगितलं त्यांना," रेश्मा पुढं म्हणाली. ती जात्याच्या तोंडावरचं पीठ ब्रशनं झाडत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "भागूच्या पाठीवर मला अजून येक पायजे हुतं. दवाखान्यातून घरी आले तवा आत्या म्हनल्या, येकच बास, तुझा जीव म्हत्त्वाचा. हे बी म्हनले, जोखीम नको. मी म्हनलं, व्हय. डाक्टर म्हनले हुते पुढच्या टायमाला काळजी घ्या. नको म्हनले नव्हते. पन ते कुनी धरलंच न्हाई. दर साली वाटायचं, कुनीतरी इचारंल. भागू येवढी झाली, तरी कुनी इचारलं न्हाई. आनि ह्या भाऊबीजेला मी म्हनलं मी हाय की, तर कुनालाच जोखीम आठवली न्हाई. ताई, अंग तेच हाय ना माझं?"

तिच्या लग्नापासून मी तिच्या शेजारच्या घरात राहते. तिला गिरणीसाठी कर्ज घेऊ नको म्हणून मी सांगितलं, भागूला कुठल्या शाळेत घालायचं ते मी सांगितलं. हे मला माहीत नव्हतं.

"मग तू हो कशाला म्हणालीस?" मी विचारलं. या वेळी ओरडायची गरज नव्हती.

"जयाताईंचं तोंड बघवलं न्हाई." तिनं ब्रश खाली ठेवला. "आनि खरं सांगू? वाटलं, पोटात तरी येक यील."

मी तो ब्रश उचलून उगाच पीठ झाडू लागले.

"म्याडमनी तेच इचारलं. नऊ म्हैने पोटात ठिवून मग द्यायचं, तवा काय? मी डोळे मिटून बघितलं. मला न्हाई देता यायचं, ताई. जयाताई दारात हुब्या राहतील आनि मी पोर घिऊन मागच्या दारानं पळून जाईन. मंग त्यांचं काय व्हनार? त्यांचं येक गेलंय आधीच." तिनं डोळे पुसले तर पिठाचा ओला पट्टा गालावर उमटला. "तुमी कुनाला काय सांगू नका. मीच सांगते."

पुढच्या रविवारी जया आणि अंगद आले. दवाखान्याची पुढची तारीख ठरवायची होती. आत्यांनी पुरणपोळी केली होती. सगळे बसले, तेव्हा रेश्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "जयाताई, मी न्हाई करनार."

आमच्या घरात तिच्या तोंडून ते पहिलं "न्हाई". ज्ञानेश्वर उठला, बसला. आत्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, गावभर पेढे वाटलेत मी! कुठल्या तोंडानं सांगू?"

"पेढे तुमी वाटलेत," रेश्मा म्हणाली. "तुमीच गोळा करून आना."

एरवी या वाक्यावर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण माझी नजर जयावर होती. ती रडली नाही, भांडली नाही. रेश्मानं तिला आत नेऊन सगळं सांगितलं, मला जे सांगितलं तेच. बाहेर आली तेव्हा जयाचा चेहरा कोरा होता. तिनं उलटसुलट चपला घातल्या, अंगदनं त्या नीट करून दिल्या, आणि दोघं पोळी न खाता गेली. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मला घास गेला नाही. छताची ती कडी सारखी डोळ्यांपुढे येत होती.

त्यानंतर गावानं रेश्माला आपमतलबी ठरवायला दोन दिवस घेतले. ज्या बाईनं गावाला गॅसच्या टाक्या दिल्या, पोरांच्या पुऱ्या लाटल्या, ती एका "न्हाई"वरून आपमतलबी. आत्या तिच्याशी कामापुरतं बोलत होत्या. संक्रांतीला जयाकडून तिळगूळ आला तो फक्त माझ्या घरी. ज्ञानेश्वरला मात्र रेश्मानं विचारलं. आपल्याला अजून एक हवंय का, डॉक्टरला दाखवायचं का, असं सरळ. तर हा बाबा म्हणतो, "इचार करून सांगतो." आयुष्यात पहिल्यांदा त्याला विचार सुचला, आणि तोही अशा वेळी! मी चिडले की रेश्मा मला म्हणते, "करू द्या ताई. त्यांना बी कुनी कवा इचारलं नव्हतं."

चैत्रात शेवयांचा हंगाम लागला. मी रव्याचा डबा काखोटीला मारून गिरणीत गेले. पुढं बायकांची रांग.

"आज न्हाई व्हायचं, ताई," रेश्मा यंत्रावरून मान न वळवता म्हणाली. "परवा या."

"अगं, उद्या माझ्याकडे पाहुणे..."

"परवा."

मी थोरली जाऊ. मी शिक्षिका. मी तिची बाजू घेऊन सगळ्या घराशी वाकडं घेतलेली. आणि मलाच परवा! मी तणतणत वळले, तर दारात जया.

ती एकटीच बसनं आली होती. रेश्मानं यंत्र बंद केलं. रांगेतल्या बायका चहा प्यायला म्हणून बाहेर गेल्या, म्हणजे दाराबाहेर कान लावून उभ्या राहिल्या. जया पोत्यावर बसली. हवेतलं पीठ हळूहळू तिच्या केसांवर बसत होतं.

"अंगदच्या चुलतभावाची बायको आहे राहुरीला," ती म्हणाली. "तिला कुठून तरी कळलं. परवा जेवताना ताटावरच म्हणाली, मी करते तुमच्यासाठी. सगळे खूश झाले. मी गप्प बसले. रेश्मा, कडी मी अजून काढलेली नाही. पण या खेपेला मला आधी नीट विचारायचंय. काय काय विचारायचं असतं तिला?"

रेश्मा तिच्याजवळ खाली बसली. "पयलं म्हंजे सासूसमोर इचारू नका. नवऱ्यासमोर बी नको. दोघी कुठं तरी बसा. पयलं बाळंतपन कसं गेलं ते तिच्याकडनं ऐका. तिचं काम कोन करनार, लेकराला काय सांगनार, मदीच काही झालं तर कुनाचा शबूद चालनार, समदं इचारा. आनि..." ती अडखळली. "तिला स्वताला अजून पायजे का, ते आधी इचारा. ती न्हाई म्हनली तर राग धरनार न्हाई, असं तुमीच पयलं सांगून टाका. आनि मग खरंच धरू नका."

"मी धरला," जया म्हणाली.

"व्हय," रेश्मा म्हणाली.

दोघींचे डोळे भरले होते. मी डबा खाली ठेवला.

जयानं नाक ओढलं. "तू येशील का माझ्याबरोबर राहुरीला? म्हणजे, तुला बरं वाटत असेल तरच. मला विचारायचं कसं तेच कळत नाही, आणि तू असलीस तर ती तुझ्याशी खरं बोलेल, असं मला वाटतं. पण तुला त्रास होणार असेल तर नको येऊस."

केवढं लांबलचक वाक्य! पूर्वीची रेश्मा "तू येशील का" इथंच सुटली असती. ही शेवटपर्यंत थांबली. जया बोलायची थांबल्यावरही थोडी थांबली. मग म्हणाली, "व्हय, येते. पन शेवयांचा हंगाम उरकल्यावर."

जया उठली, पदर झटकला आणि दारातून माझ्याकडे वळली.

"आणि वहिनी, आईला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. ती आत्ताच्या आत्ता पेढे आणेल."